तू घरीच असतेस ना आता?

मागच्या महिन्यात बँकेत गेले होते. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी सॅलरी अकाउंटचं साधं बचत खातं होतं, मग काही बँकांत त्यात किमान रक्कम ठेवावी लागते आणि नाही ठेवली तर पैसे कापले जातात. माझे कापले गेले होते, म्हणून विचारायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं केवायसीचा फॉर्म पुढे सरकवला. ‘व्यवसाय’पुढे चौकोन होते : नोकरी, स्वतःचा धंदा, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, इतर. मी पेन धरून थांबले.

"काकू, गृहिणीवर टिक करा ना."

"मी गृहिणी नाहीये. माझी नोकरी गेलीय, दुसरी शोधतेय."

"हो, पण सध्या घरीच असता ना?"

मागे रांग होती. मी ‘इतर’वर खूण केली आणि शेजारच्या रेघेवर लिहिलं : मुद्रितशोधक, सध्या काम नाही. ती मुलगी चांगली होती, तिनं कापलेले पैसे परत मिळायचा अर्जही भरून घेतला. पण तिचा तो प्रश्न गेले पाच महिने मी इतक्या जणांकडून ऐकलाय की घरी येईपर्यंत तोच डोक्यात फिरत राहिला.

मी २२ वर्षं प्रूफं वाचली. आधी ८ वर्षं एका छापखान्यात, नंतर १४ वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशनात. शाळेची गाइडं, व्याकरणाची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे. फर्स्ट प्रूफ, सेकंड प्रूफ, फायनल. यंदा, २०२४ च्या जूनअखेरीस, हंगाम संपला आणि मराठी विभाग बंद करतोय असं आम्हा सहा जणांना बसवून सांगितलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ग्रॅच्युइटी वेळेवर दिली. मी घरी कागदावर हिशोब करून पाहिला : बेसिक १५,६०० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाचे ९,०००, आणि १४ वर्षांचे १,२६,०००. बरोबर होता. पीएफच्या खात्यात मात्र त्यांनी नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती, आणि ती नसेल तर पूर्ण पैसे काढायचा अर्जच पुढे जात नाही. दोन महिने झाल्यावर ती तारीख आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते, आधारच्या ओटीपीवर. हे मला माझ्या लेकीनं शोधून दिलं. कुणाचं असं अडलं असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय.

पैशाचं दुःख आहेच. लग्नाआधीपासून कमावतेय. भाजी, माझी औषधं, माहेरच्या राख्या-ओवाळण्या, यातलं कशालाच कधी कुणापुढे हात पसरला नाही. आता नवरा महिन्याच्या पहिल्या तारखेला फ्रिजवरच्या डब्यात पैसे ठेवतो. काही बोलत नाही, हिशोब विचारत नाही, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी आंघोळीला गेल्यावर ठेवतो. तरीही त्या डब्यातून पहिली नोट काढताना जीव कसनुसा होतो.

पण आज लिहायला बसले ती पैशाबद्दल नाही. २०२० मध्ये नवऱ्याची नोकरी गेली होती, सात महिने. ते दिवस मला लख्ख आठवतात. घरात सगळे हळू बोलायचे. सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करायच्या, म्हणायच्या, "त्याच्या डोक्याला घोर आहे, त्याला काही सांगू नका." आतली खोली त्याची होती, दार लावलेलं असायचं, आणि दोनदा चहा नेऊन दिला जायचा. योग्यच होतं ते. नोकरी गेलेल्या माणसाला एवढं मिळायलाच हवं. माझी गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीन जणी म्हणाल्या, "बरं झालं, आता जरा घराकडे बघता येईल."

तेव्हापासून आमच्या मजल्यावरची सगळी कुरिअरं माझ्याकडे येतात. समोरच्यांच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे असते, कारण त्यांचा सुतार अकराला येतो. गॅसचा सिलिंडर, टाकी धुणारी माणसं, लिफ्टच्या देखभालीची सही, सगळं मीच. नणंदेचा फोन येतो, "वहिनी, तू घरीच असतेस ना आता? मग आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूच ने." यातलं एकही काम मोठं नाही, आणि कुणाच्या मनात वाईटही नाही. पण काम शोधणं हेही काम आहे, त्याला सलग वेळ लागतो, आणि माझ्या दिवसाचे तुकडे होतात.

ऑगस्टमधली गोष्ट. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या तपासणीला गेलो होतो. त्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते, दर दहा-पंधरा मिनिटांनी सिस्टर येऊन पुन्हा घालायची. त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. ११ वाजून ४० मिनिटांनी फोन आला. बाणेरची एक कंपनी, ॲपमधला मजकूर मराठीत करून घेणारी. महिनाभरापूर्वी मी अर्ज केला होता. त्या बाई म्हणाल्या, "टेस्टची लिंक पाठवलीय, एक तासात पूर्ण करायची." मी डाव्या हातात मोबाइल धरून बाकावर बसून उघडली. चाळीस वाक्यं होती, अक्षर मुंगीएवढं. सहा वाक्यं झाली आणि सासूबाईंचं नाव पुकारलं. त्यांना आत नेलं, यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं, परत आणलं. अकरावं वाक्य चालू असताना स्क्रीनवर आलं की वेळ संपली.

रिक्षात त्यांनी विचारलं, "कुणाचा गं फोन होता मघाशी?"

"कामाचा."

त्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. घर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मी त्या कंपनीला मेल करून कळवलं, पण उत्तर आलं नाही.

काही वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाचं प्रूफ माझ्याकडे होतं. त्यात सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाबद्दल एक प्रकरण होतं, २०१७ पासून जे पीएलएफएस या नावानं होतं ते. पाहणी करणारी माणसं घरातल्या प्रत्येकाला एक कोड देतात. काम नाही, पण शोधतेय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो ८१. फक्त घरकाम करते, ती ९२. कंपोजमध्ये ८१ चं १८ झालं होतं, मी ते मूळ प्रतीवरून दुरुस्त केलं होतं, म्हणून हे आकडे डोक्यात पक्के बसलेत. ८१ वाली व्यक्ती श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या माणसांत, धरली जाते आणि बेरोजगार म्हणून मोजली जाते. ९२ वाली श्रमबलाच्या बाहेर, म्हणजे बेरोजगारीची टक्केवारी काढताना ती बेरोजगारांच्या आकड्यातही नाही आणि ज्यानं भागतात त्या एकूण श्रमबलातही नाही. तेव्हा मी फक्त अंक तपासले होते. आता कळतंय की दारात आलेल्या माणसाला घरातलं कुणीतरी "ती होय, ती घरीच असते" असं सांगून मोकळं झालं, तर माझी नोकरी गेली ही गोष्टच कुठे नोंदली जाणार नाही. अशा किती जणी असतील. आम्हा ज्या सहा जणांना काढलं त्यात चौघी बायका आहेत, आणि त्यातल्या दोघींना त्यांच्या घरी आता काम शोधू नकोस असंच सांगितलंय. एकीचा हात व्याकरणावर इतका बसलेला की आम्ही अडलो की तिला विचारायचो. फोन केला तर म्हणाली, "अगं, आता कुठलं, मुलांच्या परीक्षा आहेत."

सप्टेंबरपासून मी एक ठरवलं. सकाळी १० ते १ मी कामावर. घरातच, आतल्या खोलीत, दाराला आतून कडी. पहिला तास टायपिंगचा. इतकी वर्षं मी लाल पेननं खुणा करत आले, करेक्शन लावायला ऑपरेटर असायचा. आता सगळे विचारतात, युनिकोडमध्ये टाइप करता येतं का. म्हणून परीक्षा परिषदेच्या मराठी ३० च्या परीक्षेची तयारी करतेय, मिनिटाला ३० शब्द. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड बसायला वेळ लागला. ‘ऱ’ कुठे आहे हे शोधण्यात एक अख्खी सकाळ गेली. शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ दाबायचं, मग हलन्त, मग ‘य’, की ‘दऱ्या’ होतं. सातवीच्या गाइडात एकदा ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’ छापायला जात होतं. दर्या म्हणजे समुद्र. फायनलला माझ्या नजरेस पडलं आणि मी धावत जाऊन प्लेट थांबवली होती. तो ‘दऱ्या’ माझ्या स्वतःच्या बोटांखाली पहिल्यांदा उमटला तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला अर्ज, मेल, फोन. ३ ऑक्टोबरला संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. मी देवापुढे साखर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा प्रकाशकांना माझी माहिती पाठवली. म्हटलं, आता कुठेतरी पुस्तकं वाढतील, कोश निघतील, जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्या येतील, आणि त्या कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचायला हव्यातच ना. दोघांनी उत्तर दिलं, "लक्षात ठेवतो." साताऱ्याच्या एका छापखान्यानं भेटायला बोलावलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाऊन आले. मालक वयस्कर होते, चहा पाजला, माझं काम बघून "फार छान" म्हणाले. पण त्यांच्याकडे आता लग्नपत्रिका आणि बिलबुकंच उरलीत.

आणखी एका कंपनीची टेस्ट मी या वेळेत बसून नीट दिली. यंत्रानं केलेलं भाषांतर सुधारायचं होतं. खरेदीच्या ॲपचा मजकूर : ‘आपला आदेश मार्गावर आहे’, ‘तुमची गाडी रिकामी आहे’. मी ‘तुमची ऑर्डर निघाली आहे’ केलं, ‘तुम्ही अजून काही निवडलेलं नाही’ केलं. त्यांना आवडलं. दर सांगितला, शब्दाला २५ पैसे. मूळ इंग्रजी वाचून नीट करायचं तर माझे तासाला ४०० शब्द होतात, म्हणजे १०० रुपये. मी त्यांना सरळ सांगितलं की या दरात नुसती वेलांटी बघून होईल, वाक्य बघून होणार नाही, आणि मला वाक्य बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कळवतो म्हणालेत. घरी नवरा म्हणाला, घ्यायचं होतंस. कदाचित त्याचं बरोबर असेल. पण १०० रुपये तासाला हा दर एकदा कबूल केला, तर माझ्यानंतर येणाऱ्या मुलीला तोच मिळेल.

कडी लावायला लागले तेव्हा पहिले काही दिवस दार वाजायचं. समोरच्या वहिनी किल्ली घेऊन आल्या, त्यांना मी दारातच सांगितलं, "एकनंतर द्या, आत्ता मी कामात आहे." त्यांना वाईट वाटलं असावं, दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनी वॉचमनकडे किल्ली ठेवायला सुरुवात केली, आणि काही बिघडलं नाही. परवा आतून ऐकलं, बाहेर सासूबाई फोनवर होत्या, बहुतेक नणंदच होती. "ती कामात आहे. मलाही एकपर्यंत हाक मारायची नाही असं ठरलंय. तुझं काय असेल ते दुपारी सांग." आवाजात जरब होती, नातवाला अभ्यासाला बसवताना असते तशी.

काल आमच्या जुन्या कंपोझिटरचा फोन आला. एका निवृत्त शिक्षिकेचं आत्मकथन आहे, स्वखर्चानं छापतायत, सहा फॉर्म, म्हणजे ९६ पानं. पानाला २० रुपये. सोमवारपर्यंत हवंय. सर्वेक्षणाच्या आठवड्याच्या हिशोबात सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर धरतात, म्हणजे या आठवड्यात मी ८१ सुद्धा नाही.

प्रिंट रात्रीच आणून ठेवलीय. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘माझा जन्म कोकणातल्या एका खेड्यात, डोंगरदर्यांच्या कुशीत झाला.’ लाल पेन सापडलं. दहाला पाच कमी आहेत, कडी लावते.