आकडी आणि काठी

आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की कौटुंबिक प्रार्थना होत असे आणि बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणण्याची पाळी बहुधा माझ्यावर येई, कारण परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारे सहाच वचनांचे ते स्तोत्र मला तोंडपाठ होते. पाठ होते, समजले मात्र नव्हते. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ या ओळीशी तर माझे मुळीच जमत नसे. शाळेत जिच्या नुसत्या दर्शनाने हातापायांना कापरे भरे, त्या काठीने कोणाला धीर कसा यावा, असे मी आजीला विचारले तेव्हा ‘पुढे म्हण’ एवढेच उत्तर मिळाले.

कोडे सुटले ते गावाबाहेरच्या माळावर. एक धनगर लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या आकडीने बाभळीची फांदी खाली ओढून शेंगा झोडत होता, आणि त्याने काठी उचलली रे उचलली की मेंढरे दूर पळण्याऐवजी धावत येऊन नेमकी तिच्याखालीच गोळा होत होती. उगारलेल्या काठीखाली एवढी निर्धास्त गर्दी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेहून गाझाकडे जाणारा एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो. वाचलेले समजते काय, असे फिलिप्प हा ख्रिस्ती प्रचारक त्याला विचारतो तेव्हा कोणी वाट दाखवल्यावाचून कसे समजेल, असे तो मोकळेपणाने सांगतो. राणीच्या खजिन्यावरचा एवढा मोठा माणूस, पण त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. माझा फिलिप्प तो धनगर, आणि त्याला बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही.

आजीच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून तेच स्तोत्र म्हणताना मी मध्येच अडखळलो. ‘तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो’ असे मेंढपाळाविषयी बोलणारा स्तोत्रकर्ता मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल टाकताच त्याच्याशीच बोलू लागतो, ‘तू मजबरोबर आहेस’. अभ्यासकांना हे फार पूर्वीच ठाऊक असणार. मला मात्र हजारदा म्हटलेल्या ओळींतला तो ‘तू’ त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आला. मी गप्प झालेला पाहून आजीने डोळे न उघडताच चादरीवरची बोटे हलवून खूण केली, पुढे म्हण.