पणजी पायी पाहावी

पणजी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी मळा या भागातून सुरुवात करायला सांगते. टेकडीवरच्या मारुतीचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरल्या, की थोड्याच वेळात फोंताईन्हासच्या गल्ल्या लागतात, आणि पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींची, कौलारू छपरांची व अरुंद सज्जांची जुनी घरे दोन्ही बाजूंनी अगदी जवळ येतात. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, त्या काळाची खूण या वस्तीत अजून टिकून आहे. मात्र या घरांत माणसे राहतात, म्हणून त्यांच्या दारात उभे राहून फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधील क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे असलेला आहे. तो अवश्य पाहावा.

न्याहारीला पातळ भाजी आणि सुकी भाजी एकत्र घ्यावी आणि सोबत पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, ताजी पोळी (हा गोव्यातला एक पाव) मागावी. बाहेरून कोंडा लागलेली ही गोल, चपटी पोळी आतून पोकळ असते. ती फाडताच वाफ निघते आणि रस्सा तिच्यात छान मुरतो.

चवथीच्या आधी आलात, तर बाजारात माटोळीचे सामान पाहायला मिळेल. गणपतीच्या वर बांधायच्या लाकडी चौकटीसाठी सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगण (पपनस), नारळ आणि रानातली कितीतरी फळे गावोगावहून येतात, आणि विकणाऱ्या बायकांना विचारले, तर त्या प्रत्येक फळाची माहिती आनंदाने सांगतात.