व्हिनेगरमधल्या भाज्या अमेरिकेत आणताना: एफडीएच्या नियमांमधून जाण्याचा माझा अनुभव

मी अमेरिकेत खाद्यपदार्थ आयात करते, आधी सगळा सुका माल होता, मग व्हिनेगरमधल्या भाज्यांच्या बरण्या आणायचं ठरलं, म्हणजे काकडी, गाजर, छोटे कांदे, मिरच्या. या कामातून गेल्यावर जे कळलं ते लिहून ठेवतेय कारण नवीन माणसं आधी भाव आणि सॅम्पल बघतात आणि एफडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेचे, नियम शेवटी. माझं म्हणणं ठाम आहे की सप्लायरला पहिला प्रश्न भावाचा नाही, एफसीई (एफडीएने कारखान्याला दिलेला नंबर) आणि एसआयडी (प्रत्येक मालाच्या प्रक्रियेच्या फायलिंगचा नंबर) यांचा विचारायचा.

आधी माल कुठल्या वर्गात बसतो ते बघावं लागतं. काकडी, गाजर, कांदा या भाज्या मुळात कमी आम्लाच्या. त्यात व्हिनेगर घालून तयार मालाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ किंवा त्याखाली आणला आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल असं पाणी मालात किती, त्याचं माप) ०.८५ च्या वर असली की एफडीए त्याला अ‍ॅसिडिफाइड फूड म्हणतं आणि त्यांच्या नियमावलीतल्या भाग ११४ चे नियम लागतात. नुसत्या मिठाच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या आंबवलेली भाजी सहसा यात येत नाही. दोन्ही बरण्या शेल्फवर सारख्याच दिसतात पण कागदपत्रं पूर्ण वेगळी, म्हणून कारखान्याकडून कृती सविस्तर मागवून घ्या, आंबवतात की वरून आम्ल घालतात हे स्पष्ट लिहून घ्या.

४.६ हा आकडा उगाच ठरलेला नाही. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे स्पोअर्स (बीजाणू) त्या आम्लतेत वाढू शकत नाहीत, त्याच्या वर गेलं की हवाबंद बरणीत ते विष तयार करू शकतात आणि बरणी बघून किंवा वास घेऊन ते कळेलच असं नाही. मला हे नीट समजल्यावर हा सगळा पसारा कटकट वाटायचा बंद झाला.

एफसीई म्हणजे कारखान्याचा नंबर, तो आयातदाराचा नसतो आणि एका प्लांटचा नंबर दुसऱ्या प्लांटला चालत नाही. त्यानंतर प्रत्येक मालाची प्रक्रिया २५४१ई या फॉर्मवर फाइल करायची, तिला मिळतो तो एसआयडी. ही प्रक्रिया कारखानदार मनाने लिहू शकत नाही, त्या विषयातली जाणकार व्यक्ती, जिला प्रोसेस ऑथॉरिटी म्हणतात, ती अभ्यास करून ठरवते आणि कारखान्यात पीएचवर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरने मान्यताप्राप्त कोर्स केलेला असावा लागतो. आमच्या सप्लायरकडे कारखान्याची साधी फूड फॅसिलिटी नोंदणी होती आणि त्यांना वाटत होतं तेवढं पुरे. ती नोंदणी वेगळी, ती दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमध्ये रिन्यू करावी लागते आणि परदेशी कारखान्याला अमेरिकेतला एजंट नेमावा लागतो, पण तिच्यामुळे एफसीई मिळत नाही. एफसीई आणि एसआयडीशिवाय माल पाठवला तर कारखाना इम्पोर्ट अलर्ट ९९-३७ मध्ये, म्हणजे ज्यांचा माल अडवायचा त्यांच्या एफडीएच्या यादीत, जाऊ शकतो, मग पुढची खेप तपासणीशिवायच अडवता येते.

सगळ्यात जास्त वेळ गेला पीएचच्या नोंदींवर, आणि जायलाच हवा. पाहिजे असतो इक्विलिब्रियम पीएच, म्हणजे रस आणि भाजीच्या तुकड्याच्या आतला भाग एकसारखा आंबट झाल्यावरचा. नुसत्या रसात मीटर बुडवला की आकडा छान येतो पण जाड कांद्याच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोचायला वेळ लागतो, म्हणून भाजी आणि रस मिक्सरमध्ये एकत्र वाटून मोजतात, आणि मालात तेल असेल तर ते आधी वेगळं काढतात. पीएच ४.० किंवा खाली असेल तर रंग बदलणाऱ्या कागदासारखी पद्धत चालते, त्याच्या वर मीटरच लागतो. मी बॅचवार नोंदी मागवल्या, मीटर कधी कॅलिब्रेट केला तेही मागवलं, आणि एखादी बॅच ४.६ च्या वर गेली तर तिचं काय करता हे विचारलं. ज्या कारखान्याने बॅच बाजूला काढून प्रोसेस ऑथॉरिटीकडून तपासून घेतल्याचा कागद दाखवला त्याच्याशीच व्यवहार केला, दुसऱ्या एकाने आमच्याकडे असं कधी होतच नाही असं सांगितलं, तो सोडला.

आता आयातदाराची बाजू, म्हणजे एफएसव्हीपी, परदेशी सप्लायरची पडताळणी आयातदाराने करायचा नियम. २०११ च्या फूड सेफ्टी मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टमधून हा नियम आला आणि मे २०१७ पासून लागू व्हायला लागला. बऱ्याच जणांना वाटतं कॅनमधल्या मालाला यात सूट आहे, पण जंतूंच्या धोक्यापुरती ती सूट कमी आम्लाच्या कॅन केलेल्या मालाला आहे, अ‍ॅसिडिफाइड मालाला नाही. म्हणजे धोक्यांचं विश्लेषण, सप्लायरचं मूल्यमापन, पडताळणी, सगळं आपल्या नावावर, आणि ते करणारी व्यक्ती प्रशिक्षण किंवा अनुभवाने पात्र असली पाहिजे. धोका जिवावर बेतणारा आणि त्याचं नियंत्रण सप्लायरच्या हातात असेल तर साधारणपणे वर्षाला एक ऑनसाइट ऑडिट लागतं. मी ऑडिट रिपोर्टचा गोषवारा घेत नाही, पूर्ण रिपोर्ट घेते, कारण कामाच्या गोष्टी आतल्या पानांत असतात.

लेबलचं थोडक्यात सांगते. तीळ १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत नववा मुख्य अ‍ॅलर्जन आहे. मोहरी त्या यादीत नाही पण युरोपियन युनियनच्या १४ च्या यादीत आहे, त्यामुळे युरोपसाठी छापलेलं लेबल उचलून इथे किंवा इथलं तिथे चालत नाही. सल्फाइट (माल टिकवायचं रसायन) १० पीपीएम किंवा जास्त असेल तर लिहावं लागतं, आणि टारट्राझिनसारखा कृत्रिम रंग एफडीएने सर्टिफाय केलेल्या बॅचचाच हवा, म्हणून आम्ही रंगच काढून हळद घ्यायला सांगितली.

माल निघाल्यावर प्रायर नोटीस, म्हणजे माल येतोय अशी एफडीएला आगाऊ सूचना, समुद्रमार्गे असेल तर बंदरात यायच्या किमान ८ तास आधी, आम्ही खूप आधीच देतो. कस्टम्स एंट्रीत एफसीई, एसआयडी आणि बरणीचा आकार हे तिन्ही कोड लागतात. डब्यांची मापं इंच आणि इंचाच्या सोळाव्या भागात लिहितात, ३०३ म्हणजे ३ पूर्ण आणि ३/१६ इंच, हे माहीत असलेलं बरं. पहिल्याच कंटेनरला होल्ड लागला कारण कस्टम्सची कागदपत्रं भरणाऱ्या ब्रोकरने गाजराच्या ओळीत कांद्याचा एसआयडी टाकला होता. फायलिंगची प्रत माझ्याकडे तयार होती, ती दिली, कोड दुरुस्त झाला आणि माल सुटला. तेव्हापासून प्रत्येक उत्पादनासमोर त्याचा एसआयडी असं एक शीट मी स्वतः बनवून ब्रोकरला देते आणि एंट्री जायच्या आधी ड्राफ्ट बघते.

आता तोच कारखाना सोललेल्या अख्ख्या लसणाची बरणी देतोय. पाकळी घट्ट असते त्यामुळे आम्ल आतपर्यंत कधी पोचतं याचा अभ्यास प्रोसेस ऑथॉरिटीकडे चालू आहे, फायलिंग होऊन एसआयडी हातात आला की मग ऑर्डर.