कनेक्टरच्या पायाला वाकू द्या, सांध्याला नको

दुरुस्तीच्या टेबलावर ज्याला सरसकट ‘ड्राय सोल्डर’ (नीट न धरलेला सांधा) म्हणतात, त्यातले बरेच सांधे मुळात चांगले झालेले असतात. कथील पसरलेलं असतं, चकाकी ठीक असते, भोकही भरलेलं असतं. पण भिंगातून पाहिलं की पिनेभोवती एक बारीक गोल चीर दिसते. तिथे आयर्न लावून थोडं सोल्डर वाढवलं की बोर्ड चालू होतो आणि काही काळाने तीच चीर पुन्हा पडते. पिनेवर येणारं बळ तसंच राहिलेलं असतं, म्हणून ती पडते. ते बळ कुठून कुठे जावं हे कॉन्टॅक्टचं (कनेक्टरमधल्या धातूच्या पट्टीचं किंवा पिनेचं, जिचं एक टोक प्लगला टेकतं आणि दुसरं टोक, म्हणजे पाय, बोर्डात सोल्डर होतं) डिझाइन करताना ठरतं, सोल्डरिंगच्या वेळी नाही. सोल्डर वाढवल्याने सांधा उलट जास्त ताठ होतो, आणि ताठपणा हेच तर इथलं दुखणं आहे.

सोल्डर यांत्रिक भार पेलायला फार वाईट धातू आहे. सॅक-३०५ हे बिनशिशाचं सोल्डर (९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं) साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागतं. केल्विनमध्ये हे ४९० होतं, आणि खोलीचं तापमान २९८. म्हणजे टेबलावर थंड पडलेला बोर्डसुद्धा वितळणबिंदूच्या साठ टक्क्यांवर असतो. अशा अवस्थेत धातूवर सतत ताण ठेवला की तो हळूहळू सरकत राहतो. आज टिकलेला ताण वर्षभर टिकेलच असं नाही. ६३:३७ चं शिसंयुक्त सोल्डर १८३ अंशांना वितळतं, म्हणजे ते तर आणखी मऊ. सोल्डरकडून विजेची जोडणी करून घ्यावी. बळ दुसऱ्या कुणीतरी पेललं पाहिजे.

आता हे बळ येतं तरी किती? एका ओळीतल्या १६ पिनांचा, २.५४ मिमी पिचचा (दोन पिनांमधल्या अंतराचा) उभा हेडर, म्हणजे पिनांची रांग असलेला कनेक्टर, घेऊ. पहिल्या पिनेपासून शेवटच्यापर्यंत ३८ मिमी, म्हणजे मध्यापासून टोकाची पिन १९ मिमीवर. एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीचा) बोर्ड आपल्या प्रतलात प्रत्येक अंशाला दशलक्षात सुमारे १५ भाग फुगतो. काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचं हाउसिंग, म्हणजे पिना धरणारा कनेक्टरचा सांगाडा, ३५ धरू (प्लास्टिक साच्यात कुठल्या दिशेने वाहिलं त्यावर हा आकडा बराच बदलतो). फरक २०. तापमान १०० अंशांनी वाढलं की टोकाच्या पिनेचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा १९ × २० × १०० भागिले दहा लाख, म्हणजे ०.०३८ मिमी बाजूला जातो. ३८ मायक्रॉन, केसापेक्षाही कमी. पण पिन ताठ असेल तर एवढं पुरतं.

दोन्ही टोकं धरलेल्या पिनेचा ताठपणा म्हणजे १२ गुणिले लवचीकता मापांक गुणिले छेदाचा जडत्व आघूर्ण, भागिले मोकळ्या लांबीचा घन. नेहमीची ०.६४ मिमी चौकोनी पितळी पिन, मापांक १ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी, मोकळी लांबी ३ मिमी: उत्तर येतं मिलिमीटरला सुमारे ६२० न्यूटन. ०.०३८ मिमीसाठी जवळपास २४ न्यूटन. मोकळी लांबी अर्धी, दीड मिमी केली की हेच बळ आठपट, १९० न्यूटनच्या आसपास. अर्थात इतकं बळ प्रत्यक्षात कधीच येत नाही, कारण त्याआधीच काहीतरी शरण जातं. पितळ जातं, किंवा हाउसिंगमधली पकड, किंवा सोल्डर. तिघांत सर्वांत मऊ कोण, ते वर आलंच आहे.

याच जागी ०.३ मिमी जाड, ०.६ मिमी रुंद फॉस्फर ब्राँझचा पाय बसवा आणि तो जाडीच्या दिशेने वाकेल असा ठेवा. त्याच ३ मिमी लांबीला ताठपणा ६६ न्यूटन प्रति मिमी, बळ अडीच न्यूटन. पायातला वाकण्याचा ताण सुमारे ४२० न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. स्प्रिंग टेंपरचं (स्प्रिंगसाठी कडक केलेलं) फॉस्फर ब्राँझ हा ताण आपल्या मर्यादेत पेलतं, म्हणून पाय प्रत्येक वेळी परत सरळ होतो आणि सांध्यावर तेवढंच अडीच न्यूटन बळ येतं. सांध्यातली विकृती (ताणामुळे आकारात होणारा बदल) अर्धी झाली की त्याचं थकवा-आयुष्य साधारण चौपट होतं, म्हणून इथे कमी केलेला प्रत्येक अंश फार मोलाचा असतो.

या हिशेबातला सगळ्यात फसवा शब्द ‘मोकळी लांबी’. पिन हाउसिंगच्या खाली चार मिमी दिसते म्हणून मोकळी लांबी चार मिमी नसते. प्लास्टिक जिथे पिनेला शेवटचं घट्ट धरतं तिथपासून बोर्डच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजायचं. साध्या उभ्या हेडरमध्ये पकड अगदी तळाशी असते आणि स्टँडऑफ (हाउसिंग आणि बोर्ड यांमधली फट) फार तर ०.३ ते ०.५ मिमी, म्हणून मोकळी लांबी अर्धा मिमी. घनाचा नियम तिथे निर्दयपणे लागू होतो. यावर सोपा उपाय, जो कनेक्टरची उंची वाढवत नाही: पकड वर न्या. हाउसिंगच्या तळाचे दोन-अडीच मिमी भोक मोठं करा, पिनेभोवती प्रत्येक बाजूला ०.१ मिमी जागा सोडा, आणि पिनेवरचे काटे किंवा खांदे त्याच्या वर प्लास्टिकमध्ये रुतू द्या. मग टोकं जराशी हलतात आणि बोर्डच्या भोकात शिरताना अडतात. तिथे टोकांना रांगेत ठेवणारी पातळ प्लास्टिकची पट्टी वापरावी लागते. तिची खाच सैल ठेवा, नाहीतर पुन्हा पकड खाली आलीच.

वाकण्याची दिशाही तेवढीच महत्त्वाची. डायमधून कापलेल्या पट्टीच्या पायाला जाडी आणि रुंदी अशा दोन बाजू असतात, आणि फुगण्याची हालचाल कनेक्टरच्या लांबीच्या दिशेने होते. म्हणजे पायाची जाडी लांबीच्या दिशेने हवी आणि रुंद बाजू त्या दिशेकडे तोंड करून. वरच्या ०.३ × ०.६ च्या पायाला उलटं लावलं की तो चौपट ताठ होतो. काही वेळा स्प्रिंगच्या (प्लगला टेकणाऱ्या) बाजूला दिशा एक हवी असते आणि पायाला दुसरी. तेव्हा मध्ये ९० अंशांचा पीळ द्यावा किंवा पायाला आडवा झेड किंवा सी बाक काढावा. मला झेड बाक जास्त पटतो, कारण तो कमी जागेत लांबी वाढवतो आणि उभ्या दिशेनेही थोडा खालीवर होतो.

उभी दिशा अनेकजण विसरतात. हाउसिंग बोर्डावर टेकलेलं, पिन त्यात घट्ट रुतलेली आणि खाली सोल्डर झालेली. तापल्यावर हाउसिंगची उंची पिनेपेक्षा जास्त वाढते आणि ते पिनेला सांध्यातून वर उपसू पाहतं. हाउसिंगखाली कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा संरक्षक लेप) किंवा पॉटिंग (बोर्डावर ओतून भरलेलं रेझिन) साचलं की हे आणखी बिघडतं, कारण ही द्रव्यं बोर्डपेक्षा कितीतरी जास्त फुगतात. कोटिंग असलेल्या बोर्डात कनेक्टरखालची जागा एकतर पूर्ण मोकळी राहील असं पाहावं, नाहीतर पायाला बाक द्यावाच.

आता दुसरी बाजू. पाय लवचीक केला की प्लग लावताना-काढताना लागणारं बळ कोण घेणार? यूएसबी टाइप-सीचं उदाहरण घ्या. त्याचं प्लग घालण्याचं बळ ५ ते २० न्यूटन आणि आयुष्य १०,००० वेळा. केबल बाजूला ओढली, १० न्यूटन बळ बोर्डपासून १५ मिमी अंतरावर लागलं आणि शेलचे (बाहेरच्या धातूच्या कवचाचे) टॅब, म्हणजे बोर्डात बसणारे कान, ५ मिमी अंतरावर असतील तर एका टॅबवर ३० न्यूटन उपसण्याचं बळ येतं. सिग्नलच्या बारीक पायांवर हे आलं तर पॅडच बोर्डावरून सोलून निघतं. म्हणून शेलला बोर्डातून आरपार जाणारे टॅब हवेत, नुसते वरवर चिकटलेले नकोत. मोठ्या कनेक्टरला बोर्ड-लॉक (हाउसिंग बोर्डाला पकडून ठेवणाऱ्या क्लिपा), खुंट्या किंवा स्क्रू लागतात. भाराचा मार्ग प्लग ते हाउसिंग, हाउसिंग ते बोर्ड-लॉक, बोर्ड-लॉक ते बोर्ड असा असावा. कॉन्टॅक्ट हाउसिंगमध्ये वर घट्ट रुतलेला, त्याच्या खाली बाक, आणि बाकाखाली सांधा. कॉन्टॅक्ट हाउसिंगमध्ये धरून ठेवण्याचं बळ हे घालण्या-काढण्याच्या बळापेक्षा बरंच जास्त ठेवा. ते कमी पडलं तर पिन सरकते आणि सगळं ओझं सोल्डरवर येतं.

जुळणीचा क्रम इथे खूप जणांना नडतो. स्क्रूचा कनेक्टर असेल तर आधी स्क्रू आवळायचा, मग सोल्डर करायचं. उलट केलं तर स्क्रूने हाउसिंग खाली ओढलं जातं आणि तो ताण सगळ्या पिनांत कायमचा कोंडला जातो. हेच पॅनेलबद्दल: कनेक्टर डब्याच्या पॅनेललाही स्क्रूने बसत असेल आणि बोर्डही खाली खुंट्यांवर बसत असेल, तर दोन्हींपैकी एकीकडे भोकं लांबट ठेवा.

पट्टीच्या निवडीत एक ओढाताण असते. स्प्रिंगला कडक टेंपर हवा आणि पायाच्या बाकाला न फुटता वळण्याइतका मऊपणा, पण पट्टी एकच. बाकाची रेषा पट्टीच्या लाटण्याच्या दिशेला काटकोनात ठेवली तर लहान त्रिज्येचा बाक फुटत नाही. दिशेला समांतर ठेवला की बाहेरच्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसतात. डायचा लेआउट काढतानाच हे ठरवावं, नंतर दुरुस्त करता येत नाही. पितळ स्वस्त आहे, पण १०० अंशांच्या आसपास त्याची स्प्रिंग ढिली पडू लागते, म्हणून इंजिनाजवळच्या कामाला मी ते घेत नाही.

पितळ घेतलंच तर पायावर आधी निकेलचा थर (किमान १.२७ मायक्रॉन) आणि वर मॅट टिन (कथिलाचा निस्तेज मुलामा) ३ ते ५ मायक्रॉन. निकेल नसेल तर पितळातलं जस्त टिनमधून वर येतं आणि साठवणीतच पायाची सोल्डर धरण्याची ताकद जाते. संपर्काच्या टोकाला सोनं लावताना ते पायावर जाड जाऊ देऊ नका. सांध्यात सोन्याचं प्रमाण वजनाने ३ टक्क्यांच्या वर गेलं की तो ठिसूळ होतो.

आणि मग ती चूक जी चांगलं डिझाइनही मातीत घालते: सोल्डर पायावरून चढून बाकात भरतं. बाक भरला की तो बाक राहत नाही, मोकळी लांबी शून्य होते. बाक आणि सांधा यांच्यामध्ये, बाकाच्या खाली, किमान अर्धा मिमी उघड्या निकेलची पट्टी ठेवा. तिच्यावर ऑक्साइड बसतो आणि सोल्डर तिथे थांबतं. संपर्काच्या टोकाखालीही अशीच पट्टी हवी, तिथे सोल्डर चढलं तर स्प्रिंगच बाद.

भोकाचं माप साधं: ०.६४ च्या चौकोनी पिनेचा कर्ण ०.९१ मिमी, त्यात ०.१५ ते ०.२ मिळवून १.०५ ते १.१ मिमी तयार भोक. यापेक्षा घट्ट केलं की सोल्डर वरपर्यंत चढत नाही. ७५ टक्के उभी भरती ही नेहमीची किमान अट आहे. हाउसिंग बोर्डाला पूर्ण चिकटलं की वायू बाहेर पडत नाही आणि सांध्यात पोकळी राहते, म्हणून स्टँडऑफ ठेवावाच. रिफ्लोमधून (सगळा बोर्ड भट्टीत तापवून सोल्डर करण्याच्या पद्धतीतून) जाणाऱ्या कनेक्टरला पीबीटी प्लास्टिक चालत नाही, तो २२५ अंशांच्या आसपास वितळतो. एलसीपी किंवा पीपीएस ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं घ्या. रिफ्लोनंतर सोल्डर २१७ ला गोठतं आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंत १९० अंशांचं आकसणं सांध्यात कोंडतं. लांब हाउसिंग केळ्यासारखं वाकतं ते याचमुळे.

तपासणीला −४० ते +१२५ अंशांची चक्रं आणि वेळोवेळी सांध्याचा काप काढून पाहणं एवढं लागतंच. विजेचा रोध मोजून चीर लवकर कळत नाही. सांध्याचा थोडासा भाग उरला तरी रोध जवळपास तसाच असतो. मग तो अचानक वाढतो, आणि १० अँपियरच्या पिनेत २० मिलिओहम वाढले तरी २ वॉट उष्णता तिथेच तयार होते. काप कनेक्टरच्या लांबीच्या दिशेने, पिनेच्या मध्यातून घ्या; आडवा घेतला तर हालचालीच्या बाजूची चीर दिसत नाही. चिरा फक्त टोकांच्या पिनांना आणि मधल्यांना नाहीत, तर कारण फुगण्यातला फरक. एका बाजूच्या पिनांना असतील तर केबलचा तरफेसारखा भार. स्क्रूच्या जवळच्या पिनांना असतील तर बोर्ड वाकवला गेलाय. आणि कुठल्याही क्रमाशिवाय इथेतिथे असतील, तर कॉन्टॅक्ट सोडून पायाचा मुलामा आणि सोल्डरचं तापमान तपासा.