कंप्रेसरची टाकी आणि मिस्त्रींची शिवी

उद्यमनगरात आमचं छोटं शेड आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल एवढाच पसारा. मागच्या कोपऱ्यात वडलांचा जुना कंप्रेसर, ३ एचपीची मोटर, हवा दाबणारं दोन सिलिंडरचं हेड आणि खाली १६० लिटरची टाकी, ११ वर्षं गोणपाट पांघरून गप उभा होता. यंदा ग्रील आणि गेटं स्प्रेनं रंगवायची ऑर्डर आली आणि म्हटलं नव्यात कशाला पैसे घालायचे, हा आहे की, तेल बदलू, बेल्ट टाकू आणि बटन दाबू.

दाबणारच होतो तेवढ्यात आमचे मिस्त्री आले. वडलांच्या वेळेपासूनचे, आता काम सोडलंय पण सकाळचा चहा आमच्याच शेडात. त्यांनी जी शिवी घातली ती इथं लिहीत नाही, तिच्यापुढचं वाक्य लिहितो. "हेड बिघडलं तर लेका हवा मारायची न्हाई, एवढंच. टाकी गेली तर तू ऱ्हाशील व्हय?"

खरं सांगतो, मला वाटलं म्हातारं उगं घाबरवतंय. पण रात्री जरा हिशेब मांडला. १६० लिटरच्या टाकीत १० किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १० किलो) प्रेशरची हवा म्हणजे साधारण २ लाख जूल, म्हणजे एक टनाचं वजन उचलून २० मीटर वर न्यायला लागेल एवढी ताकद. आणि टाकी फाटली की ती सगळी एका झटक्यात बाहेर, पत्र्याचे तुकडे घेऊन. झोप उडाली माझी.

आता टाकी सडते का तर हवेत ओल असते, त्यात आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा पाऊस म्हणजे भिंतीसुद्धा घामेजतात, ती हवा दाबली की गरम होते, टाकीत येऊन थंड झाली की पाणी सोडते आणि ते तळाला बसतं. रोज संध्याकाळी ड्रेन कॉक (टाकीच्या तळाचा पाणी सोडायचा नळ) उघडला तर काही नाही, पण कोण उघडतंय! गंज आतून चढतो आणि बाहेरनं रंग मस्त चकचकीत. आमचा कॉक तर जाम झालेला, पाना लावून फिरवला तेव्हा चहासारखं पाणी आणि गंजाच्या खपल्या पडल्या. मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला, तळ सगळा देवीच्या व्रणासारखा खड्ड्याखड्ड्यांचा.

मी म्हटलं मामा, हवा भरू आणि साबणाचं पाणी लावून लीक बघू. दुसरी शिवी. शंका असलेल्या टाकीत हवा भरायचीच नाही, पाणी भरायचं. पाणी दाबलं तरी जवळपास दबत नाही, त्यामुळं त्यात ताकद साठत नाही, टाकी फुटली तरी चिळकांडी उडते आणि प्रेशर तिथंच बसतं. मग सेफ्टी व्हॉल्व (प्रेशर जास्त झालं की हवा सोडतो तो), प्रेशर स्विच (ठरल्या प्रेशरला मोटर बंद करतो तो) काढून डमी प्लग मारले, सगळ्यात वरच्या भोकातून पाणी सांडेपर्यंत टाकी भरली (आत हवेचा फुगा राहिला तर सगळी मेहनत वाया, धोका परत तोच), आणि प्लंबरकडनं हाताचा टेस्टिंग पंप आणला. टाकी १० किलोची म्हणून टेस्ट १५ किलोपर्यंत न्यायची होती. ९ ला पायाच्या वेल्डिंगजवळ एक काळी ओली रेघ दिसली, आणखी एक दांडी मारली तर सुईएवढी धार निघाली आणि काटा धपकन खाली. आवाज काहीच नाही. म्हणजे टाकीच्या १० किलोच्या आतच ती गेली असती, आणि मी शेजारी स्प्रे गन धरून उभा असतो.

ठिगळ वेल्ड करू का असं विचारायची हिंमत केली. "पातळ पत्र्याला आग लावून काय करणार, शेजारी दुसरं भोक पडंल." गप बसलो. टेस्ट सर्टिफिकेट आणि प्रेशरचा आकडा कोरलेली प्लेट असलेली नवी टाकी घेतली.

बाकीचं काम त्या मानानं किरकोळ. हेड खोललं, व्हॉल्व प्लेटवर कार्बन होता तो काढला, रिंगा चांगल्या निघाल्या, गॅस्केट नवीन. तेल कंप्रेसरचंच, १०० ग्रेडचं, गाडीचं इंजिन ऑइल नाही, त्यानं व्हॉल्ववर कार्बन लवकर धरतो. मोटरमध्ये दोन दिवस १०० वॅटचा बल्ब ठेवून ओल काढली, मेगर (वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितलं, अर्थिंग नवीन केलं आणि मगच लाईट दिली. उलटी फिरत होती, तीनातल्या दोन वायरी बदलल्या, कारण पुलीच्या पंख्याची हवा सिलिंडरवर यायला पाहिजे. बेल्टचं गार्ड कुठं गेलं देव जाणे, जाळीचं नवं केलं. जुना सेफ्टी व्हॉल्व रंगानं चिकटलेला, ओढलं तरी हलेना, तो सरळ टाकून दिला. नवा टाकीच्या प्लेटवरच्या आकड्याच्या आतच सेट केलेला आणि त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कॉक नाही म्हणजे नाही.

हवेची लाईन जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची) टाकली. पीव्हीसी स्वस्त पडते, बऱ्याच ठिकाणी बघितली पण आहे, पण हवेवर ती फुटली की काचेसारखे तुकडे उडतात.

पहिल्यांदा चालू करताना स्टार्टर भिंतीच्या पलीकडं नेला. मिस्त्री दारात, हातात चहा. ८ किलोला मोटर कट झाली आणि छान फुस्स वाजलं. "वाजलं न्हवं? आता जा जवळ." ते फुस्स नाही झालं तर पाइपात हवा अडकून राहते, पुढच्या वेळी मोटर लोडवर उठते आणि जळते.

जुनी टाकी भंगारात द्यायच्या आधी ग्राइंडरनं तळाला वहीएवढी खिडकी कापली. कापलेला तुकडा मोजला, वरच्या बाजूला ४ मिमी असलेला पत्रा तिथं ठिकठिकाणी दीड. भंगारवाला कुरकुरला, म्हणाला धड दिली असती तर कुणीतरी घेतली असती की. म्हणूनच कापली.