बंबाचा अपडेट: सरपण १ किलो १०० ग्रॅमवरून ६५० ग्रॅमवर

मागच्या वेळी लिहिलं होतं ना, आजोबांनी पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला पाणी तापवायचा तांब्याचा बंब माळ्यावरून खाली काढलाय म्हणून, तर आता तीन आठवडे झाले, रोज सकाळी पेटवतोय आणि वहीत सगळं मांडून ठेवतोय. माप ठरलेलं, २० लिटर विहिरीचं पाणी, २६ डिग्रीवरून ६० पर्यंत.

पहिले चार दिवस नुसता धूर. लाकूड होतं दिवाळीत तोडलेल्या आकेशियाचं, वरून वाळलेलं दिसायचं पण फोडून आतल्या बाजूला मीटर लावला तर ओलावा ३४ टक्के! एक लिटर पाण्याची वाफ करायलाच सव्वादोन मेगाज्यूल जातात, म्हणजे आपण आधी लाकडातलं पाणी उकळतो आणि मग उरलेल्या आचेवर आंघोळीचं. १ किलो १०० ग्रॅम लाकूड गेलं, ५० मिनिटं लागली. मग पडवीत वर्षभर रचून ठेवलेल्या काजूच्या फांद्या घेतल्या, ओलावा १६, आणि कोयत्याने अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलप्या केल्या. फरक लगेच दिसला.

पण खरी मजा पेटवण्यात आहे. आम्ही लहानपणापासून खाली जाळ करून वरून लाकडं टाकत आलोय, त्यात वरची लाकडं तापून धूर सोडतात आणि तो न जळताच निघून जातो, म्हणजे सरपणच हवेत जातं. आता मी ढलप्या बंबाच्या मधल्या नळीत उभ्या भरतो, नळीच्या निम्म्यापर्यंतच, वर एक करवंटी, आणि त्यावर नारळाच्या सोडणाचा तुकडा पेटवून सोडतो. जाळ वरून खाली सरकत येतो, खालून निघालेला धूर त्याच जाळातून जातो आणि तिथेच जळतो. पहिली दोन मिनिटं पांढरा धूर, मग तोंडाशी नुसती थरथरणारी गरम हवा, आणि नळीतून बारीक घुर्र असा आवाज. तो आवाज आला की समजायचं जमलं. कालचा आकडा ६५० ग्रॅम, ३१ मिनिटं. हिशोब केला तर लाकडातली जवळजवळ तीस टक्के आच पाण्यात उतरली, मला फार आनंद झाला!

जाळीखालची राख रोज काढायचीच, तिथून हवा अडली की सगळं बिघडतं. नळीतली काजळी दर रविवारी काथ्याच्या ब्रशने, कारण काजळीचा थर आच तांब्यापर्यंत पोचूच देत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुसऱ्या आठवड्यात गारठा होता म्हणून बंब न्हाणीत घेतला आणि दार लोटलं. धूर अजिबात नव्हता, निखारे मस्त फुललेले, पण दहा मिनिटांत डोकं जड झालं आणि मळमळायला लागलं, तसाच बाहेर आलो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि निखाऱ्यांतून तो निघतच असतो. तेव्हापासून बंब अंगणातच पेटतो, पाणी बादलीने आत. तुम्हीही कृपा करून बंद खोलीत पेटवू नका.

दुसरं, आधी पाणी मग जाळ, आणि पाणी काढलं की तेवढंच लगेच ओतायचं. कोरडा बंब तापला तर सांध्यांना लावलेला डाख २०० डिग्रीच्या आतच वितळतो. पाणी ओतायचं तोंडही कधी बुच लावून बंद करायचं नाही, वाफेला वाट हवी. काजूची टरफलं तर बिलकुल नकोत, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो.

राख घमेल्यात, वर पाणी मारून. आमच्याकडे वाळक्या पानांचा, पातेऱ्याचा ढीग जवळच आहे आणि राखेतला निखारा संध्याकाळपर्यंत जिवंत सापडलाय.

तोटीखालचा जुना डाख परत पाझरायला लागलाय, थेंब थेंब. पुढच्या आठवड्यात तो करून घेतो, आणि मग नुसत्या करवंट्यांवर किती लागतं ते मोजतो.