हर्मायनीचे बारा गुण

बुधवारी, १६ जुलै २०२५ ला, ऑफिसात चहाला एकच विषय होता: हॅरी पॉटरच्या सिनेमांतली हर्मायनी, एमा वॉटसन, हिला गाडी चालवायला सहा महिने बंदी. इंग्लंडमधल्या हाय विकमच्या कोर्टात ती स्वतः आलीही नव्हती, पाचेक मिनिटांत निकाल लागला. भरायचे १,०४४ पौंड, म्हणजे आपले एक लाख वीस हजारांच्या आसपास. गुन्हा काय, तर आदल्या वर्षी ३१ जुलैला संध्याकाळी ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर ताशी ३० मैलांच्या हद्दीत तिची निळी आउडी ३८ ने गेली. आपल्या हिशेबात ४८ च्या जागी ६१ किलोमीटर.

मी ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनहून कामाला जाते ती त्याच रस्त्याने, म्हणून बातमी जरा जास्तच लागली. आणखी एक कारण आहे, ते पुढे.

ती आणि मी एकाच सालातल्या, १९९० च्या. सांगलीत पहिला हॅरी पॉटर आम्ही २००२ मध्ये हिंदीतून पाहिला. अख्ख्या वर्गाला हॅरी आवडला, मला ती. हात खांद्यातून निखळेल इतका वर करणारी मुलगी सिनेमातही असू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वर्गात मला ‘पुस्तकी किडा’ म्हणायचे, त्यानंतर दोन वर्षं ‘हर्मायनी’ म्हणाले. बढतीच की ती.

इथे आल्यावर कळलं, ती याच भागात वाढलेली. जन्म पॅरिसचा, आईवडील दोघंही वकील. ते वेगळे झाल्यावर पाचव्या वर्षी आईबरोबर ऑक्सफर्डशायरला आली. शाळेतली नाटकं सोडली तर कामाचा अनुभव काही नाही, तरी आठ ऑडिशन देऊन भूमिका मिळवली. २००१ ते २०११, आठ सिनेमे. पण मला कौतुक त्याहून भलत्याच गोष्टीचं आहे. २००६ मध्ये, हे सगळं चालू असताना, इथल्या दहावीला तिला आठ विषयांत ए-स्टार आणि दोनांत ए होते! मग अमेरिकेत ब्राउन विद्यापीठ, चार वर्षांची पदवी पाच वर्षांत, २०१४ मध्ये. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत उभी राहून पुरुषांना म्हणाली, की समानतेचं हे काम तुमचंही आहे. २०१७ ला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, २०१९ ला ‘लिटल विमेन’, आणि त्यानंतर सिनेमाच नाही. २०२३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सर्जनशील लेखन शिकायला बसली. म्हणून वकिलानं कोर्टात सांगितलं, की ती विद्यार्थिनी आहे, पण दंड भरण्याची ऐपत आहे. यावर ऑफिस हसलं. मला हसू आलं नाही. हातात एवढं सगळं असताना पुन्हा वही घेऊन वर्गात बसायला काय लागतं, ते बसून बघा म्हणावं.

आता गुणांची गोष्ट. इथे लायसन्सवर गुण मिळतात, आणि ते मिळणं वाईट. वेग ओलांडला की किमान १०० पौंड आणि ३ गुण. तीन वर्षांत १२ भरले की साधारण सहा महिने घरी. तिचे ९ आधीच होते. त्याच दिवशी त्याच कोर्टात झोई वॉनामेकर यांचंही लायसन्स तेवढ्याच काळासाठी आणि तेवढ्याच रकमेला गेलं. ४० च्या जागी ४६. सिनेमात मुलांना झाडूवरून उडायला शिकवणाऱ्या बाई त्या!

तर माझं दुसरं कारण. मार्चमध्ये घरी एक पाकीट आलं. ३० च्या जागी ३६. गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवा. मला दंडाचं काही वाटलं नाही, मला समोर माणूस नसल्याचं वाटलं. कुणी शिट्टी मारली नाही, ‘ताई, गाडी बाजूला घ्या’ नाही, लायसन्स शोधताना पर्स उलटीपालटी करण्याचा अवसर नाही. साहेबांना सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. सकाळचे साडेसहा होते, रस्ता रिकामा, त्यात उतार. पत्राला उतार कसा दाखवणार?

पहिलीच वेळ आणि थोडक्यात चुकलेलं, म्हणून गुणांऐवजी वर्ग मिळाला. नव्वदेक पौंड भरून अडीच तास ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवून. मास्तरांनी विचारलं, पाटी दिसत नसेल तर ३० ची हद्द ओळखायची कशी? माझा हात सवयीनं वर. उत्तर चुकलं. रस्त्याला दिव्यांचे खांब असले आणि वेगळी पाटी नसली, की ३० धरायचे. सहा वर्षं गाडी चालवतेय, खांबांकडे कधी बघितलंच नव्हतं. ३० ला गाडी थांबायला २३ मीटर लागतात आणि ४० ला ३६, हेही तिथेच कळलं.

दादा म्हणतो, तुमच्याकडे शिस्त. कसली शिस्त? वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची पिवळी पेटी दिसली की सगळे ब्रेक मारतात, ती मागे गेली की पुन्हा पाय दाबतात. कॅमेरे पुण्यातही आहेत, चलान मोबाइलवर येतं. फक्त दादाची चार चलानं लोक अदालतीची वाट बघत पडलीत, तिथे सवलतीत मिटतं म्हणून. पुण्यात ३८ मैलांचा वेग मिळेल असा रस्ता कुठे मोकळा असतो, हा त्याचा युक्तिवाद मात्र मला पटतो.

रात्री बाबांना फोनवर बातमी सांगितली. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “एवढी मोठी नटी, आईबाप वकील, आणि कुणाचा एक फोन नाही गेला?”

“नाही गेला.”

“मग तू तरी हळू चालव बाई.”

माझ्या पाकिटाचं त्यांना सांगितलेलं नाही. ते हे वाचत नाहीत, दादा वाचतो. दादा, तुझी चार चलानं वहिनीला अजून माहीत नाहीत, एवढं लक्षात ठेव.